मुलुंडचा फ्लॅट, दोन मृत्युपत्रे आणि एकही प्रोबेट नाही: विक्री कशी करावी?

थोरली_मुलुंड

नमस्कार. आई-वडिलांच्या पश्चात राहिलेला मुलुंड पूर्वेचा दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही तिघे भावंडे विकू पाहत आहोत आणि गाडी कागदपत्रांवर येऊन अडली आहे. मी ठाण्यात असते, धाकटी बहीण नाशिकला आणि भाऊ न्यू जर्सीला.

फ्लॅट वडिलांनी 1984 साली स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतला होता. ते 2013 साली गेले. त्यांनी साध्या कागदावर मृत्युपत्र केले होते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, परंतु ते नोंदणीकृत नाही. त्यात सर्व काही आईला दिले असून व्यवस्थापक (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून आईचेच नाव आहे. आई नॉमिनीही असल्यामुळे सोसायटीने तेव्हा शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर करून दिले आणि मृत्युपत्राची कोणी विचारपूसही केली नाही.

आई 2025 च्या मे महिन्यात गेली. तिचे मृत्युपत्र 2019 चे असून दुय्यम निबंधकांकडे रीतसर नोंदवलेले आहे. फ्लॅट विकावा आणि येणाऱ्या रकमेचे दोन पंचमांश मला, दोन पंचमांश धाकटीला आणि एक पंचमांश भावाला द्यावा, असे तिने लिहिले आहे. भावाच्या परदेशी शिक्षणाचा खर्च वडिलांनी केला होता, तो तिने त्यात धरला आहे. भाऊ फोनवर "तुम्ही ठरवाल ते मान्य" असे म्हणतो, परंतु अद्याप त्याने कशावरही सही केलेली नाही. व्यवस्थापक म्हणून मामांचे नाव आहे आणि मामा 2022 मध्येच वारले. सोसायटीत आईचा नॉमिनी मात्र भाऊ आहे, कारण नामनिर्देशनाचा अर्ज मृत्युपत्राच्या आधीचा आहे.

गिऱ्हाईक चांगले आहे आणि सुमारे 2 कोटी 40 लाखांवर बोलणे ठरत आले आहे. त्यांच्या गृहकर्जाच्या बँकेच्या वकिलाने दोन्ही मृत्युपत्रांचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाची मान्यता, मागितले आहे. आमचा एजंट म्हणतो की प्रोबेटचा कायदाच रद्द झाला, आता त्याची गरज नाही. सोसायटीचे सचिव म्हणतात की आम्ही फ्लॅट नॉमिनीच्या, म्हणजे भावाच्या नावावर करू, पुढचे तुम्ही आपापसात बघा. तिघांचे तीन सूर ऐकून आमची मती गुंग झाली आहे. प्रोबेट लागते की नाही, वडिलांचे जुने मृत्युपत्र आता पुन्हा उघडावे लागेल का आणि कराचे काय, हे जाणकारांनी सांगावे. आम्हा भावंडांत भांडण नाही, एवढे मुद्दाम नमूद करते.

खारेगावकर

ताई, मी माझ्या आईचे ठाण्यातील घर तिच्या मृत्युपत्रावरच विकले आणि प्रोबेटचे नावसुद्धा कोणी काढले नाही. मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, आम्हा वारसांची प्रतिज्ञापत्रे आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस एवढ्यावर घेणाऱ्याचे कर्जही मंजूर झाले. आता तर कायद्यानेच ती अट काढली असल्यामुळे तुमचा एजंट बरोबर बोलतो आहे असे मला वाटते. बँकेचे वकील उगाच कागद वाढवतात. दुसरी बँक बघावी.

निवृत्त_वकील_गिरगाव

खारेगावकरांचा अनुभव खरा आहे, परंतु तो मुलुंडला जसाच्या तसा लागू होत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 213 नुसार हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी व्यक्तींच्या मृत्युपत्राखालील हक्क न्यायालयात प्रस्थापित करण्यासाठी प्रोबेट आवश्यक होते, ते मुंबई, कोलकाता आणि चेन्नई उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात केलेल्या मृत्युपत्रांपुरते, किंवा त्या क्षेत्रातील स्थावर मालमत्तेपुरते. मुंबईच्या बाबतीत हे क्षेत्र म्हणजे बृहन्मुंबई. म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडच्या घराला बंधन होते आणि पलीकडच्या ठाण्यातल्या घराला नव्हते. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींना दोन नियम, असा हा प्रकार कित्येक दशके चालला.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने निरसन व दुरुस्ती कायदा संमत करून कलम 213 वगळले. एजंटने ऐकले ते एवढेच आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहे. परंतु वगळली गेली ती सक्ती. प्रोबेट मिळवण्याची सोय जशीच्या तशी आहे. उच्च न्यायालयाचा मृत्युपत्रविषयक विभाग बंद झालेला नाही.

आता बँकेच्या वकिलाच्या खुर्चीत बसून पाहा. कलम 213 असतानासुद्धा दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवताना प्रोबेट मागत नसत आणि सोसायटीही पुष्कळदा मागत नसे. प्रोबेट मागणारा नेहमीच घेणाऱ्याचा वकील असे, कारण प्रोबेटचा निकाल केवळ अर्जदारांवर नव्हे, तर सर्वांवर बंधनकारक असतो. मृत्युपत्र खरे आहे, करणाऱ्याने ते शुद्धीवर असताना केले आहे आणि दोन साक्षीदारांनी ते रीतसर साक्षांकित केले आहे, हे एकदा न्यायालयाने मान्य केले की उद्या कोणी नातेवाईक उठून घेणाऱ्याच्या दारात उभा राहण्याची भीती जवळजवळ संपते. सक्ती गेली म्हणून ही भीती गेली नाही. शिवाय तुमचे वडील 2013 साली, जुना नियम लागू असताना वारले. त्या मृत्युपत्राला नवी दुरुस्ती कितपत उपयोगी पडते यावर वाद घालायला जागा आहे, आणि वाद घालता येईल अशा जागेवर बँक दोन कोटींचे कर्ज देत नाही.

म्हणून "प्रोबेट लागते का" हा प्रश्न बाजूला ठेवून निराळाच प्रश्न विचारा. दोन्ही मृत्युपत्रे क्षणभर नाहीतच असे धरले, तर या घरावर कोणाकोणाचा हक्क निघतो? ते सर्व जण खरेदीखतावर सही करायला तयार असतील, तर मृत्युपत्र सिद्ध झाले काय आणि न झाले काय, घेणाऱ्याला मालकी पूर्ण मिळते. त्यातला एकही जण सही करणार नसेल, तर मात्र प्रोबेटवाचून तरणोपाय नाही.

आईच्या पश्चात, मृत्युपत्र नसते तर, तुम्ही तिघे समान वारस. म्हणजे भावाचा हिस्सा एक तृतीयांश झाला असता, 2 कोटी 40 लाखांत 80 लाख. मृत्युपत्राप्रमाणे त्याला मिळतात 48 लाख. हा 32 लाखांचा फरक तो सोडतो आहे, हे त्याने फोनवर नव्हे तर कागदावर लिहून द्यायला हवे. तो खरेदीखतात लिहून देणार (विकणारा) म्हणून सही करील, आईचे मृत्युपत्र आपल्याला मान्य आहे असे त्यात नमूद असेल आणि त्याचे 48 लाख स्वतंत्रपणे त्याच्या खात्यात जमा होतील, तर आईच्या बाजूचा प्रश्न बहुतांशी सुटला.

वडिलांच्या बाजूचा प्रश्न त्याहून अवघड असू शकतो. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती विचारतो. वडील गेले तेव्हा त्यांच्या मातोश्री, म्हणजे तुमच्या आजी, हयात होत्या का? आणि वडिलांना भावंडे आहेत का?

थोरली_मुलुंड

वकीलसाहेब, सविस्तर उत्तराबद्दल आभार. होय, आजी तेव्हा हयात होत्या. त्या 2016 साली गेल्या. त्यांचे मृत्युपत्र नाही. काका डोंबिवलीत असतात आणि आत्या कोल्हापूरला. दोघांचेही आमच्याशी चांगले आहे, आत्या तर आईच्या आजारपणात महिनाभर येऊन राहिल्या होत्या. परंतु या घराशी त्यांचा काही संबंध असेल असे आमच्या स्वप्नातही नव्हते, कारण घर संपूर्णपणे वडिलांच्या कमाईचे आहे.

वडिलांच्या मृत्युपत्रावरील दोन साक्षीदारांपैकी एक शेजारी होते, ते वारले. दुसरे आमचे जुने कुटुंबवैद्य. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, परंतु स्मरणशक्ती उत्तम आहे.

निवृत्त_वकील_गिरगाव

पाणी इथेच मुरते आहे आणि बँकेच्या वकिलाने ते हेरले आहे असे दिसते.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेला पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी वारसा घेतात, आणि या वर्गात पत्नी आणि मुलांबरोबर आईही असते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. काका आणि आत्या वडिलांचे थेट वारस नाहीत, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु मृत्युपत्र बाजूला ठेवले तर 2013 साली घराचे पाच हिस्से झाले असते: आजी, तुमची आई आणि तुम्ही तिघे. 2016 मध्ये आजी गेल्यावर त्यांचा पाचवा हिस्सा काका, आत्या आणि तुमच्या वडिलांची शाखा अशा तिघांत वाटला गेला असता. म्हणजे काका आणि आत्या यांचा प्रत्येकी पंधरावा हिस्सा निघतो. आजच्या भावाने प्रत्येकी 16 लाख. ही रक्कम नात्यापुढे लहान असेल, पण घेणाऱ्याच्या वकिलाला नाते दिसत नाही, पंधरावा हिस्सा दिसतो. आणि आज तुमच्या आत्या सज्जन आहेत म्हणून उद्या त्यांच्या जावयानेही तसेच असावे असा काही नियम नाही.

सोसायटीने 2013 मध्ये आईचे नाव लावले, त्याने यात काहीच बदल होत नाही. नामनिर्देशन हे वारसाहक्काला मागे सारत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे कंपनीच्या शेअरच्या बाबतीत 2023 च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले आहे, आणि सहकारी सोसायट्यांबाबत ही भूमिका जुनीच आहे. आई पूर्ण मालक झाली ती नॉमिनी म्हणून नव्हे, तर वडिलांच्या मृत्युपत्रामुळे. म्हणून तुमच्या प्रकरणात आईच्या नोंदणीकृत, स्टॅम्प लावलेल्या मृत्युपत्रापेक्षा वडिलांचा तो साधा कागद अधिक मोलाचा आहे. नोंदणी नाही म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही. कायद्याने मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाहीच. दोन साक्षीदार मात्र सक्तीचे आहेत, आणि न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करताना त्यांच्यापैकी हयात असलेल्या निदान एकाचे म्हणणे लागते.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, काका आणि आत्या यांना खरेदीखतात मान्यता देणार म्हणून घ्यावे आणि "आमच्या दिवंगत भावाचे मृत्युपत्र आम्हांस मान्य असून या मिळकतीत आमचा किंवा आमच्या आईमार्फत कोणताही हक्क नाही" असे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. एजंट तुम्हाला हक्कसोडपत्र सुचवील. मी या प्रकरणात त्यापेक्षा मान्यता पसंत करीन, कारण हक्क सोडला असे म्हणताना तो होता हे आपणच मान्य करतो, आणि मग मृत्युपत्राने सर्व आईला दिले होते या आपल्याच म्हणण्याला छेद जातो. दुसरी वाट, वडिलांच्या मृत्युपत्रासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा. व्यवस्थापक असलेली आई हयात नाही, तेव्हा तो प्रोबेटचा अर्ज होणार नाही. मृत्युपत्र जोडलेल्या लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे न्यायालयाने मालमत्तेचा प्रशासक नेमून देण्याच्या पत्राचा, अर्ज होईल, आणि सर्वस्वाची लाभार्थी असलेल्या आईचे प्रतिनिधी म्हणून तो तुम्ही करू शकाल. मामा वारल्यामुळे आईच्या मृत्युपत्राचेही तेच.

यात एक खोच आहे, ती अनुभवी वकीलही विसरतात. मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक, मृत्युपत्राने त्याला मनाई केली नसेल तर, स्थावर मालमत्ता विकू शकतो. परंतु लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मिळालेल्या प्रशासकाला हिंदू मृताची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी त्याच न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. कलम 307 तसे सांगते, आणि परवानगीविना केलेली विक्री हितसंबंधी व्यक्तीला रद्द करून मागता येते. म्हणून नुसते पत्र हाती पडले की लगेच खरेदीखत, असे मनात धरू नका. सर्व लाभार्थी स्वतः सही करणार असतील तर धोका कमी, तरीही मसुदा करणाऱ्या वकिलाला हे कलम आवर्जून दाखवा.

खर्चाचे विचाराल तर महाराष्ट्रात अशा अर्जावरील कोर्ट फी जास्तीत जास्त 75,000 रुपये आहे, आणि तुमच्या घराच्या किमतीला ती पूर्ण लागेल. दोन मृत्युपत्रांचे दोन अर्ज. अर्जाला मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची यादी, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमतीची प्रतिज्ञापत्रे लागतात. जे संमती देत नाहीत त्यांना न्यायालयाची नोटीस जाते, तिला सायटेशन म्हणतात. त्यांच्यापैकी कोणी कॅव्हेट, म्हणजे लेखी हरकत, दाखल केले की अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षे मोजणे सोडून द्यावे. वाद नसला तरी विभागाच्या हरकतींची पूर्तता करण्यात महिने जातात. वडिलांना जाऊन बारा-तेरा वर्षे झाली असल्यामुळे इतका उशीर का झाला याचे स्पष्टीकरण अर्जातच द्यावे लागेल. कोणी हरकत घेतली नाही आणि मृत्युपत्र उघड करण्याची गरज पडली नाही, हे खरे कारण साधेपणाने लिहावे.

सचिव_बोरिवली

मी आमच्या सोसायटीचा बरीच वर्षे सचिव आहे, त्यामुळे सोसायटीच्या बाजूने चार शब्द लिहितो. तुमचे सचिव म्हणतात तसे "नॉमिनीच्या नावावर करू, पुढचे तुम्ही बघा" हे पूर्वी चालत असे. सहकारी संस्था कायद्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, त्यातील कलम 154ब-13 प्रमाणे सभासद मृत्यू पावल्यावर संस्थेने त्याचा हिस्सा मृत्युपत्राच्या, वारस दाखल्याच्या किंवा हक्कदार वारसांनी केलेल्या कौटुंबिक व्यवस्थापत्राच्या आधारे हस्तांतरित करायचा आहे. नॉमिनीला तोपर्यंत तात्पुरता सभासद करून घेता येते, आणि तात्पुरता सभासद फ्लॅट विकू शकत नाही. भावाचे एकट्याचे नाव लावून घेतले आणि त्याच्या एकट्याच्या सहीने विक्री केली, तर तुम्हा दोघी बहिणींना तर त्रास होईलच, पण घेणाराही फसेल.

तुम्ही तिघांनी मिळून मृत्युपत्राची प्रत, भावाचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणि नुकसानभरपाईचे हमीपत्र जोडून तिघांच्या नावे सभासदत्वाचा अर्ज करा आणि पोच घ्या. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का आणि तारीख. तोंडी "मिळाले" याला अर्थ नाही. वारसांच्या नावे हस्तांतरण करताना संस्थेला प्रीमियम घेता येत नाही. पुढे बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकताना तो घेता येतो, पण महानगरपालिका क्षेत्रात 25,000 रुपयांहून अधिक नाही. "विकासनिधीला स्वखुशीने देणगी" अशी मागणी आली तर ती लेखी मागा, म्हणजे ती बहुधा तिथेच विरते. फ्लॅट बंद आहे म्हणून बिनभोगवटा शुल्क लावले असेल तर तेही तपासा. ते भाड्याने दिलेल्या फ्लॅटला लागते, कुलूप असलेल्या फ्लॅटला नाही.

मूळ शेअर सर्टिफिकेट आणि 1984 चा करारनामा हाताशी आहे का ते आजच पाहा. आमच्याकडे एका कुटुंबाला पन्नास रुपयांच्या पाच शेअरचे ते सर्टिफिकेट देवघरातल्या पोथ्यांच्या बासनात सापडले. तोवर पोलिसांत हरवल्याची तक्रार आणि वर्तमानपत्रात नोटीस असा सगळा सोपस्कार उरकून झाला होता. आणखी एक, देखभालीची थकबाकी विक्रीच्या आधी चुकती करा. ती राहिली की समितीतल्या एखाद्याला अडवायला आयते निमित्त मिळते.

हिशेबनीस_पुणे

कराबद्दल मी लिहितो. वारसाने घर मिळाले यावर कर नाही, विकल्यावर नफ्यावर आहे. खरेदीची किंमत आणि काळ मोजताना ज्याने शेवटी पैसे मोजून घर घेतले त्याचे वर्ष धरतात, म्हणजे तुमचे वडील आणि 1984. ते 2001 पूर्वीचे असल्यामुळे 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव हा खर्च म्हणून धरता येतो. तो नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घ्या, आणि तो त्या वेळच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा अधिक धरता येत नाही हे त्याला सांगा. काही मूल्यांकक गिऱ्हाईक खूश ठेवण्यासाठी हात सैल सोडतात.

समजा 2001 चा भाव 20 लाख निघाला. तुमचा दोन पंचमांश हिस्सा म्हणजे विक्रीचे 96 लाख आणि खर्च 8 लाख. 23 जुलै 2024 पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाई निर्देशांकाविना 12.5 टक्के दर आहे. त्याप्रमाणे 88 लाखांवर 11 लाख कर. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुना 20 टक्क्यांचा, निर्देशांकासहित पर्यायही खुला आहे. 2025-26 चा निर्देशांक 376 धरला तर 8 लाखांचे 30 लाख 8 हजार होतात आणि 65 लाख 92 हजारांवर सुमारे 13 लाख 18 हजार कर येतो. म्हणजे तुम्हाला नवा दर परवडतो. मात्र 2001 चा भाव 40 लाख निघाला तर गणित उलटते आणि जुनी पद्धत स्वस्त पडते. म्हणून मूल्यांकन हाती येण्याआधी कोणाच्या सल्ल्याने काही ठरवू नका. उपकर वेगळा. दोन वर्षांत दुसरे घर घेतले, किंवा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत 50 लाखांपर्यंत गुंतवले, तर त्या प्रमाणात कर वाचतो. रोख्यांत पैसे पाच वर्षे अडकतात.

भावाचे वेगळे. त्याला निर्देशांकाचा पर्याय नाही. तुम्हा दोघींच्या रकमेतून घेणारा 1 टक्का कर कापील, परंतु अनिवासी भावाच्या रकमेतून त्याला पूर्ण दराने कापावा लागेल. 48 लाखांवर उपकरासह 13 टक्के म्हणजे 6 लाख 24 हजार. नफ्यावरचा खरा कर याच उदाहरणात 5 लाख 72 हजार होतो. केवळ या अर्ध्या लाखासाठी कमी दराने कपातीचा दाखला मागण्यात वेळ घालवू नये, विवरणपत्र भरून परतावा घ्यावा. त्याने रोख्यांत गुंतवायचे ठरवले असेल तर मात्र दाखला अवश्य घ्यावा आणि तो विक्रीपूर्वी घ्यावा. खरेदीखतात प्रत्येकाची रक्कम आणि खाते स्वतंत्र लिहून घ्या. एकाच्या खात्यात सगळे घेऊन नंतर वाटणे हा घरगुती सरळपणा कर खात्याला कळत नाही.

एडिसनकर

मी स्वतः न्यू जर्सीत असतो आणि गेल्या वर्षी वडिलांचे नागपूरचे घर विकले. भावाने कुलमुखत्यारपत्र द्यायचे ठरवले तर ते इथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल (परदेशात वापरण्यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण) करून घ्यावे किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घ्यावे, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावे. ही मुदत लोकांच्या लक्षात राहत नाही. ज्याला अधिकार देतो त्याचे नाव, फ्लॅटचा पूर्ण पत्ता आणि "मृत्युपत्र मान्य असल्याचे निवेदन करण्याचा" अधिकार स्पष्ट लिहावा. सर्वसाधारण मजकुराचे पत्र बँक नाकारते.

पैसे त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाचे भारतातील उत्पन्नासाठीचे खाते) येतील आणि तिथून आर्थिक वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतील, सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रासह. अमेरिकेच्या कराच्या दृष्टीने त्याची खरेदी किंमत आई वारल्या त्या दिवशीचा बाजारभाव असते, त्यामुळे तिथे नफा फारसा उरत नाही. म्हणून मे 2025 चा भाव दाखवणारा मूल्यांकन अहवालही त्याच मूल्यांककाकडून मागून घ्या. परदेशातील व्यक्तीकडून वर्षभरात 1 लाख डॉलरहून अधिक वारसा मिळाला तर तिथल्या कर खात्याला फॉर्म 3520 ने कळवावे लागते. घराचा हिस्सा त्याखाली राहील, पण आईच्या मुदत ठेवी असतील तर त्या मिळवून पाहायला सांगा.

थोरली_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. भावाशी बोलणे झाले. तो दूतावासाची वेळ घेतो आहे. काका आणि आत्या मान्यता द्यायला तयार आहेत, काकांनी तर "कुठे सही करायची ते सांग" एवढेच विचारले. आता एकच शंका उरली. गिऱ्हाइकाने 2 लाख टोकन देऊ केले आहे आणि एजंट ते घ्या म्हणतो. सर्व सह्या होण्याआधी घ्यावे का?

निवृत्त_वकील_गिरगाव

टोकनची पावती एजंटच्या छापील नमुन्यावर देऊ नका. घ्यायचेच असेल तर तिघांच्या नावे, वडिलांच्या आणि आईच्या दोन्ही मृत्युपत्रांचा उल्लेख करून, ठरलेल्या मुदतीत बँकेच्या वकिलाने मालकी मान्य केली नाही तर रक्कम व्याजाविना परत, अशा अटीवर घ्या. त्याआधी काका आणि आत्या यांच्या मान्यतेचा मसुदा बँकेच्या वकिलाला पाठवून तो एवढ्यावर समाधानी आहे का ते लेखी विचारा. तो तयार झाला तर न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही. नाही म्हणाला तर वडिलांच्या मृत्युपत्राचा अर्ज करा आणि घेणाऱ्याला तेवढे थांबायचे आहे का ते त्याला ठरवू द्या.

दोन्हींपैकी काहीही होवो, त्या वैद्यांचे साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र याच आठवड्यात करून घ्या. मृत्युपत्र त्यांना दाखवा, स्वतःची सही ओळखू द्या, दुसऱ्या साक्षीदाराने आणि वडिलांनी कोणाच्या उपस्थितीत सही केली हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. नोटरीला त्यांच्या घरी न्यावे लागले तरी चालेल.